स्टुटगार्टच्या काकूंना अनावृत पत्र

आदरणीय काकू,

सादर नमस्कार.

मुंबईला पोहोचल्यावर फोनवर आपले आभार मानू लागलो, तेव्हा ‘त्यात काय एवढं’ म्हणून आपण आईच्या गुडघ्यांची चौकशी सुरू केलीत आणि आमचे बोलणे तिथेच राहिले. म्हणून आता लिहूनच आभार मानतो आहे, आणि तेही चारचौघांत. आपली-आमची ओळख ती काय? माझ्या मामेभावाच्या शेजाऱ्यांच्या आपण थोरल्या कन्या, एवढ्या धाग्यावर आपण आमच्या तिघांच्या राहण्या-फिरण्याची व्यवस्था लावून दिलीत. जर्मनीला जाणारी आपली मंडळी स्टुटगार्टला उतरतात ती बहुधा मोटारींची दोन संग्रहालये पाहण्यापुरती, आणि संध्याकाळच्या गाडीने म्युनिक गाठतात. या शहराला इमारती आणि जेवण यांसाठी वेळ द्यावा, हे आपण आग्रहाने सांगितले नसते तर आम्हीही त्याच वाटेने गेलो असतो.

आपण सर्वांत आधी वायसेनहोफ वसाहत दाखवलीत, हे फार योग्य झाले. १९२७ साली ‘जर्मन वर्कबुंड’ या संस्थेने भरवलेल्या गृहरचनेच्या प्रदर्शनासाठी मीस फान डेर रोह यांच्या नेतृत्वाखाली १७ वास्तुरचनाकारांनी टेकडीच्या उतारावर ३३ घरे बांधली, हे मी पुस्तकात वाचलेले होते. परंतु त्यांपैकी आज केवळ ११ उभी आहेत आणि त्यांत माणसे राहतात, खिडकीत कुंड्या ठेवतात, दाराशी सायकली लावतात, हे प्रत्यक्ष पाहिल्यावर त्या वाचनाला अर्थ आला. त्या १७ जणांपैकी ल कॉर्ब्युझिए यांच्या जोडघरात आता संग्रहालय आहे आणि एका भागाची रचना पुन्हा १९२७ सारखी केलेली आहे. तिथे आपण आईला काँक्रीटच्या कपाटाखालून सरकणारे पलंग दाखवलेत. दिवसा एकच प्रशस्त दालन असते, रात्री सरकत्या भिंती ओढून त्याच्या झोपण्याच्या खोल्या होतात, आणि मागची मार्गिका मुद्दाम रेल्वेच्या डब्यातल्याइतकी अरुंद ठेवलेली आहे. त्यावर आई म्हणाली, ‘दिवसा बैठक आणि रात्री गाद्या, हे गिरगावात आम्ही सगळेच करत होतो, त्यासाठी पॅरिसहून माणूस कशाला बोलवायला हवा होता?’ आपण मनापासून हसलात, पण तिचा मुद्दा सोडून दिला नाहीत. चाळीत ती सोय गरजेतून आली आणि इथे ती विचारपूर्वक मांडली गेली. तरीही राहणाऱ्यांना ती फारशी रुचली नाही आणि काही वर्षांतच आतली रचना बदलली गेली, असे आपण तिला समजावून सांगितलेत. ल कॉर्ब्युझिए यांनीच आखलेले चंदीगडचे विधानभवन आणि हे जोडघर २०१६ साली जागतिक वारशाच्या एकाच नोंदीत समाविष्ट झाले, हे कळल्यावर मात्र आईने त्या घराकडे जरा आदराने पाहिले.

या सपाट छपरांवर त्या काळी केवढा गहजब झाला होता, हे आपण सांगितलेत तेही तिथेच उभे राहून. स्टुटगार्टचे रेल्वेस्थानक बांधणारे पाउल बोनाट्स यांनी आराखडा पाहूनच ‘हे तर जेरुसलेमचे उपनगर’ अशी संभावना केली होती, म्हणजे ही घरे जर्मन नव्हेतच. पुढे याच घरांच्या चित्रात उंट आणि सिंह घुसवून टवाळीची पोस्टकार्डे निघाली. आणि चालत जाण्याच्या अंतरावर १९३३ साली उतरत्या छपरांच्या लाकडी घरांची कोखनहोफ वसाहत उभी राहिली, ती उघडपणे उत्तर म्हणूनच. आपण आम्हांला लगेच त्या वसाहतीत नेलेत. एकाच उतारावर चाललेला हा वाद पायी चालत पाहता येतो, ही गोष्ट मला कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात सापडली नसती. बोनाट्स यांच्या स्थानकाबद्दल मात्र मी आपल्यापेक्षा मवाळ आहे. त्या खडबडीत दगडी भिंतींत एक भारदस्तपणा आहे, आणि नव्या भूमिगत स्थानकासाठी त्या इमारतीचे दोन्ही बाजूंचे पंख पाडले गेले याची मला हळहळ वाटते.

ब्रिटिश वास्तुरचनाकार जेम्स स्टर्लिंग यांच्या १९८४ सालच्या नव्या कलादालनाचे ते जाडजूड गुलाबी-निळे कठडे आपल्याला पसंत नाहीत, हे मला ठाऊक आहे. मला ते आवडले. वालुकाश्माच्या एवढ्या गंभीर भिंतींमध्ये कोणीतरी थट्टा केल्यासारखे ते वाटतात. शिवाय तिकीट न काढता त्या इमारतीच्या मधल्या गोलाकार चौकातून वरच्या रस्त्यावर जाता येते, हा शहरावर केलेला उपकारच म्हणायला हवा. नव्या ग्रंथालयाचा पांढरा चौकोनी ठोकळा बाहेरून कोरडा आणि आतून अप्रतिम, यावर आपले एकमत झालेच आहे.

आता जेवणाविषयी. तिथे आपले खरे ऋण आहे. आई अंडे खाते, मांसमच्छी खात नाही, आणि श्वाबियन, म्हणजे स्टुटगार्टच्या आसपासच्या प्रांतातल्या, जेवणात मांस कुठे दडलेले असते हे परक्याला कळणे अशक्य आहे. बटाट्याच्या सॅलडमध्ये मेयोनेझ नसते म्हणून ते निर्धोक वाटते, पण त्याला ओलसरपणा येतो तो बहुतेकदा मांसाच्या गरम रश्श्याने. मसूर शिजतानाच त्यात धुरावलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा पडलेला असू शकतो, म्हणजे वरचे सॉसेज बाजूला काढून भागत नाही. माउलटाशेन (पिठाच्या पारीत सारण भरलेले तुकडे) पालक आणि चीज भरलेली मिळाली तरी ती रश्श्यातून येतात की लोण्यावर परतून, हे विचारावे लागते. हे सर्व आपण एका कागदावर मराठीत लिहून दिलेत आणि खाली जर्मन भाषेत दोन नेमकी वाक्ये लिहिलीत, जी आम्ही प्रत्येक ठिकाणी नुसती पुढे करत होतो. चीजमधल्या रेनेटचा (दूध गोठवण्यासाठी वासराच्या पोटातून काढतात त्या विकराचा) विचार ज्याचा त्याने करावा, अशी तळटीपही आपण जोडली होतीत. इतका प्रामाणिक सल्ला हल्ली कोण देतो?

माउलटाशेनची ती कथाही आईला फार आवडली. उपवासाच्या काळात माउलब्रॉनच्या मठातल्या साधूंनी देवाला दिसू नये म्हणून मांस पिठाच्या पारीत लपवले, अशी आख्यायिका तिथे सांगतात. आईने त्यावर आपल्याकडच्या एकादशीच्या फराळाचा उल्लेख केला आणि आपण दोघी बराच वेळ त्याच विषयावर रंगलात.

आपल्या स्वयंपाकघरातली ती संध्याकाळ मला विशेष लक्षात आहे. श्पेट्झले या तिकडच्या जाड शेवयांसाठी मैदा, अंडी, मीठ आणि थोडे पाणी एवढेच घालून आपण लाकडी डावाने पीठ इतके घोटलेत की त्याला बुडबुडे येऊ लागले. मग एका बाजूने धार काढलेली लहान फळी पाण्यात बुडवून घेतलीत, तिच्यावर पिठाचा पातळ थर पसरलात आणि सुरीने त्याच्या बारीक पट्ट्या थेट उकळत्या पाण्यात खरवडून सोडू लागलात. पट्टी वर तरंगली की झाऱ्याने काढायची, चीजचा थर द्यायचा, पुन्हा पट्ट्या, पुन्हा चीज, आणि शेवटी तपकिरी तळलेला कांदा. यंत्राने पाडलेले श्पेट्झले एकसारखे येतात म्हणून ते आपल्याला चालत नाहीत. जेवताना त्यातला फरक मलाही कळला.

१९१४ सालच्या बाजारभवनात, मार्टिन एल्झेसर यांच्या त्या काँक्रीटच्या कमानी आणि काचेच्या छपराखाली, आपण आम्हांला श्वाबियन आल्ब या जवळच्या डोंगराळ पठारावरचे बारीक मसूर घेऊन दिलेत. तिकडच्या शेतांतून नाहीशी झालेली ती जुनी वाणे २००६ साली सेंट पीटर्सबर्गच्या बीजसंग्रहात सापडली आणि तिथून पुन्हा आल्बवर पेरली गेली, हे आपण दुकानातच सांगितलेत. त्या मसुरांची आईने परवा आमसूल आणि गोडा मसाला घालून आमटी केली. ते शिजतात पण फुटत नाहीत, त्यामुळे आमटी थोडी सुटी होते. चवीत मात्र काहीही कमी नाही.

एका व्यवस्थेबद्दल स्वतंत्रपणे आभार मानायला हवेत. हे शहर वाटीसारख्या खोलगट जागेत वसलेले असल्यामुळे, आणि टेकड्यांवर पूर्वी सर्वत्र द्राक्षमळे असल्यामुळे, तिथे चारशेहून अधिक जिने आहेत. आईच्या गुडघ्यांचा विचार करून आपण प्रत्येक ठिकाणी आधी माथ्यावर जायचे आणि मग सावकाश खाली उतरायचे असा क्रम लावलात, आणि मारीनप्लाट्झ या चौकातून टेकडीवरच्या डेगरलोख भागात चढणारी दातेरी रुळांची गाडी आमच्या रोजच्या वापरात आणलीत. १८८४ पासून चालू असलेल्या त्या गाडीने आईला चढ असा जाणवलाच नाही.

मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत, ही गोष्ट दोन्हीकडच्या फार थोड्यांना माहीत असावी. आपण हिवाळ्यात येणार असल्याचे मामेभावाकडून कळले आहे. तेव्हा कृपया दोन दिवस आमच्यासाठी राखून ठेवावेत. ओव्हल मैदानाच्या एका बाजूची गॉथिक शिखरे आणि दुसऱ्या बाजूची आर्ट डेको घरे मी आपल्याला सकाळच्या उन्हात दाखवीन, आणि दुपारचे जेवण आई करील. काकांना तिखट कितपत चालते, ते आधी कळवावे.

आपला नम्र,
मुंबईचा एक पाहुणा