दस्तुरी नाक्यावर खरी माहिती कोण देणार?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत माथेरानच्या उन्हाळी गर्दीवर आलेला लेख वाचला आणि काल दिवसभर तो डोक्यातून गेला नाही. एका दिवसासाठी येणारे पर्यटक गर्दी वाढवतात, भाड्यावरून घोडेवाल्यांशी हुज्जत घालतात आणि संध्याकाळी कुरकुरत खाली उतरतात, असा लेखाचा एकंदर सूर आहे. ही माणसे का कुरकुरतात, हे लेखकाने, माथेरानला येणाऱ्या गाड्या जिथे थांबवाव्या लागतात त्या दस्तुरी नाक्यावर तासभर उभे राहून त्यांनाच विचारले असते, तर लेख निराळा झाला असता.

मागच्या मे महिन्यात आम्ही जुन्या मैत्रिणी सकाळच्या कर्जत लोकलने नेरळला उतरलो. मिनी ट्रेनची तिकिटे संपली होती, म्हणून शेअर टॅक्सीने दस्तुरीला गेलो. टॅक्सीतून पुरते उतरतो न उतरतो तोच गळ्यात ओळखपत्रासारखे काही अडकवलेला एक गृहस्थ पुढे झाला आणि जवळच्या अमन लॉज स्थानकाहून माथेरान बाजारपेठेकडे सुटणारी शटल गाडी आज बंद आहे, बाजारपेठ सात किलोमीटर लांब आहे, सगळा चढच आहे, ‘या काकूंना काही चालवणार नाही’, असे त्याने ठामपणे सांगितले. आमच्यातल्या एकीच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. तिचा उतरलेला चेहरा पाहून आम्ही तो मागेल त्या भावाने घोडे ठरवले. जन्मात कधी घोड्यावर न बसलेली ती बाई खोगिराची कडी दोन्ही हातांनी घट्ट धरून, डोळे मिटून बसली होती आणि लाल मातीत घोड्याचा पाय जरा सरकला की ‘आई गं’ म्हणत होती. वाटेत रूळ जवळ आले तिथे मागून शिट्टी ऐकू आली आणि जी बंद असल्याचे आम्हाला सांगितले होते, तीच शटल आमच्या डोळ्यांदेखत पुढे निघून गेली. त्या क्षणी आलेला संताप आजही तसाच आहे, कारण पैशांपेक्षा त्या बाईची भीती आम्हाला जास्त लागली.

दस्तुरी ते बाजारपेठ हे अंतर जेमतेम अडीच-तीन किलोमीटर आहे आणि रुळांच्या कडेची वाट बरीचशी सपाट आणि सावलीची आहे. हे आम्हाला दुपारी एका वयस्क घोडेवाल्यानेच सांगितले. त्यामुळे सरसकट घोडेवाल्यांना दोष देणे मला मान्य नाही. पावसाळ्याआधीच्या दोन महिन्यांवर त्यांचे वर्षाचे बरेचसे गणित अवलंबून असते आणि नाक्यावरच्या खोटेपणाचा बट्टा त्यांनाही लागतो. दस्तुरीपुढे मोटारी नेता येत नाहीत, २००३ पासून हा सारा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे, आणि हे निर्बंध राहिलेच पाहिजेत. परंतु जिथे गाडी सोडावी लागते, तिथेच नवख्या माणसाला खरी माहिती सर्वांत जास्त लागते. तिथे प्रवेशकराची पावती हातात पडतेच; तिच्याच मागे अंतर, शटलच्या त्या दिवशीच्या वेळा आणि घोड्यांचे ठरलेले दर मराठीत व हिंदीत छापले, तर फसवणाऱ्याचे तोंड आपोआप बंद होईल. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये माथेरानमधल्या हातरिक्षा सहा महिन्यांत थांबवून त्या ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देण्याचा आदेश दिला, तो माणसाने माणसाला ओढू नये म्हणून, आणि ते योग्यच झाले. मात्र ई-रिक्षा कुठे उभी असते आणि किती घेते, हेही त्या पावतीवर असायला हवे, नाहीतर गुडघेदुखीच्या माणसाला तिचा उपयोग कसा होणार?

जाता जाता आपल्या पुरवणीविषयीही तक्रार नोंदवते. त्याच पानावरच्या ‘एका दिवसात पाहा’ या चौकटीत पॅनोरमा, लुइझा, इको, शार्लट तलाव आणि वन ट्री हिल अशी सगळीच ठिकाणे दिली आहेत. पॅनोरमा पॉइंट थेट उत्तर टोकाला आणि वन ट्री हिल दक्षिणेकडे आहे. सकाळी लोकलने येऊन संध्याकाळी परतणाऱ्या माणसाने हे सगळे पायी पाहणे अशक्य आहे. अशी यादी हातात घेऊन आलेला वाचकच नाक्यावर घाईघाईने घोडा ठरवतो. कृपया येत्या रविवारी ती चौकट दुरुस्त करून छापावी आणि तीत शार्लट तलाव, इको व लुइझा एवढीच ठिकाणे ठेवावीत.

आपली नम्र,
एक नियमित वाचक, डोंबिवली (पूर्व)