हिमाचलातल्या तीर्थन नदीकाठच्या आमच्या मासेमारीच्या गाइडभाईंना, बडोद्याहून

आदरणीय भाईजी,

सप्रेम नमस्कार.

सुखरूप पोचल्याचं कळवायला फोन केला तेव्हा तुम्ही दुसऱ्या पाहुण्यांना घेऊन नदीवर निघाला होतात. बोलणं घाईत आटपलं आणि मनातलं राहूनच गेलं. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांसमोर, कारण कुलूकडे जाऊ पाहणाऱ्या इथल्या मराठी मंडळींनीही ते वाचावं असं वाटतं. तुमच्यासाठी हिंदीत लिहून वेगळं पाठवतेच आहे.

बाबा कोकणातल्या खाडीकाठचे. लहानपणी गळाला कोळंबी लावून काळुंदर पकडायचे. नोकरीसाठी बडोद्याला आले आणि गळ सुटला तो सुटलाच. आमच्याकडे नदी म्हणजे विश्वामित्री, आणि तिच्यात मगरी. ती पुलावरूनच बघायची. गुडघा बदलल्यानंतर एके दिवशी जेवताना ते म्हणाले, एकदा वाहत्या पाण्यात उभं राहून मासा धरायचाय. आम्ही बऱ्याच ठिकाणी विचारलं. वय आणि ऑपरेशन ऐकून कुणी सरळ नाही म्हणालं, कुणी तळ्यात पाळलेले मासे पकडायला देतो म्हणालं. तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, "अंकल जी जिना कसा उतरतात? कठडा धरून, की तसेच?" त्या प्रश्नानंतर मला दुसरीकडे विचारावंसं वाटलं नाही.

पहिल्या सकाळी मत्स्य विभागाचा परवाना हातात आल्याशिवाय तुम्ही रॉड पिशवीतून काढला नाहीत. काढल्यावरही बाबांना दिला नाहीत. गुशैणी गावाच्या वरच्या अंगाला एका दगडावर बसवलंत आणि नुसतं पाणी बघायला लावलंत. ट्राउट, म्हणजे तिथला थंड पाण्यातला मासा, तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो, मोठ्या धोंड्याच्या आडोशाला, जिथे पाण्याचा जोर कमी आणि शेजारून खाणं वाहत येतं. म्हणून त्याच्याकडे जायचं ते खालून वर, त्याच्या पाठीमागून, आपली सावली पाण्यावर न पाडता. खाडीत एका जागी बसून ओढ लागायची वाट पाहणाऱ्या माणसाला हे सगळं नवं होतं. बाबा शाळेतल्या मुलासारखे ऐकत होते. मग तुम्ही पिसं आणि दोरा गुंडाळून बांधलेली फ्लाय, म्हणजे किड्यासारखं दिसणारं खोटं आमिष, काढलीत, चिमट्याने गळाचा उलटा काटा दाबून सपाट केलात आणि सांगितलंत, "मासा सुटला तर सुटू दे अंकल जी, पण फाटायला नको."

मासा लागला तो दुसऱ्या दिवशी. तुम्ही खालच्या बाजूला उभे, एक हात बाबांच्या कमरपट्ट्यात. रॉडला हात लावला नाहीत, एकदाही नाही. याबद्दल मी तुमची कायमची ऋणी आहे. मासा पायाशी आल्यावर तुम्ही आधी बाबांना हात पाण्यात बुडवायला सांगितलंत, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग धरतो म्हणून. मी वाकून बघितलं. पिवळसर तपकिरी अंग, काळे ठिपके, मधूनच लाल, आणि प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट कडं. बाबांनी त्याला प्रवाहाच्या दिशेने तोंड करून पाण्यातच धरला. कल्ले दोन-चारदा हलले, शेपटीत जोर आला, आणि गेला. फोटो माझ्याच्याने नीट निघाला नाही. बाबांना त्याचं काही नाही.

पण भाईजी, माझे खरे आभार त्याच दुपारचे आहेत. बाबा रंगात आले होते, अजून एक, अजून एक चाललं होतं. तुम्ही मात्र त्या पांढऱ्या पट्ट्याच्या दगडाकडे बघत होतात. मे महिन्यात दिवसा वरचं बर्फ वितळतं आणि ते पाणी खाली पोचेपर्यंत दुपार उलटते, हे आम्हाला काय ठाऊक! आमच्या डोळ्यांना नदी तशीच दिसत होती. दगडावरचा पट्टा पाण्याखाली जायला लागला, पाणी जरा गढूळलं, आणि तुम्ही रील गुंडाळलंत. "अब नहीं, अंकल जी." बाबा चिडले. पूर्ण दिवसाचे पैसे दिलेत, असंही बोलले. तुम्ही उलट उत्तर दिलं नाहीत, हात धरून त्यांना काठावर आणलंत आणि चहा सांगितलात. चहा संपेपर्यंत बाबा उभे होते ती जागा दिसेनाशी झाली. पैसे घेतलेल्या पाहुण्याला, तोही वयाने मोठा आणि रागावलेला, नाही म्हणणं सोपं नसतं. तुम्ही ते आवाज न चढवता म्हणालात. त्यामुळे आज बाबा इथे गॅलरीत बसून सगळ्या सोसायटीला तीर्थन सांगतायत.

काय काय सांगतात ते! ब्राउन ट्राउट मुळात युरोपचा, इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुलूत आणून सोडला. नदी ज्या ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कातून येते त्याला २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. खोऱ्यातल्या लोकांनी वीजप्रकल्पांविरुद्ध लढून ती मोकळी वाहती ठेवली. शेवटचं सांगताना त्यांचा आवाज तुमच्यासारखाच होतो, तुम्हीही ते सांगताना रॉड खाली ठेवला होतात.

बाबांना दिवाळीनंतर यायचं होतं. मीच त्यांना सांगितलं, १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद, मासा वाळूखड्यांत अंडी घालतो. ते लगेच गप्प झाले. तेव्हा पुढच्या एप्रिलमध्ये आमच्यासाठी चार दिवस राखून ठेवा. पाणी त्यांच्या गुडघ्याला फार गार वाटेल असं तुम्हाला वाटलं, तर तसं स्पष्ट कळवा, आम्ही तारखा बदलू.

बडोद्याचा लीलो चेवडो कुरिअरने पाठवला आहे. ते लोक बंजारपर्यंतच पोचवतात म्हणाले, तेवढा कुणाकडून तरी मागवून घ्या. ओलसर असतो, पुडा फोडल्यावर लवकर संपवा. वहिनींना आणि मुलांना नमस्कार.

तुमची,
बडोद्याची बहीण