मुंबई एक तासावर, पण कुठून?

संपादक महाशय,

सप्रेम नमस्कार. रविवारच्या पुरवणीत प्रवासाचा जो चौकोन छापता त्यात मागच्या वेळी ‘गोवा ते मुंबई ४२५ किमी, विमानाने १ तास’ असं आलं होतं. आकडा खोटा नाही, दाबोळीहून सरळ रेघ मारली तर तेवढंच भरतं. पण ५ जानेवारी २०२३ पासून मोपाहूनही विमानं उडतात, गोव्यात आता दोन विमानतळ आहेत आणि तुम्ही नुसतं गोवा लिहिता. त्यात माणसं फसतात. आम्ही फसलो म्हणून लिहितोय.

आईला मुंबईला डॉक्टरकडे न्यायचं होतं, ती ७४ वर्षांची. पुण्याच्या भाच्याने तिकिटं काढून व्हॉट्सॲपवर पाठवली, सकाळी साडेआठचं विमान. आम्ही काणकोणचे, विमान म्हटलं की दाबोळी एवढंच डोक्यात, पहाटे पाचला निघालो, करमल घाट, मडगाव करत पावणेसातला पोचलो तर गेटवरचा जवान तिकीट बघून म्हणतो, हे मोपाचं आहे. जीओआय म्हणजे दाबोळी आणि जीओएक्स म्हणजे मोपा, शेवटच्या एका अक्षराचा फरक, तो कोण बघतो हो? तिथून मोपा साठेक किमी, झुआरी ओलांडा, मांडवी ओलांडा, मग पेडणे. टॅक्सी करून धावलो, पण चेक-इन काउंटर तासभर आधीच बंद होतो, आम्ही पोचेपर्यंत सव्वाआठ झाले होते. आई बाकावर बसून राहिली, एक शब्द बोलली नाही. मला तेच जास्त लागलं.

मोपा उत्तरेला, त्यामुळे हवेतून तो मुंबईला दाबोळीपेक्षा पस्तीस-चाळीस किमी जवळच आहे. पेडण्याच्या, म्हापशाच्या माणसाची सोय झाली, चांगलंच झालं. पण काणकोणहून दाबोळी साठ किमी तर मोपा शंभराच्या आसपास, म्हणजे आमचा प्रवास वाढलाच ना.

आणि तो एक तास तरी कसला? तिकिटावर सव्वा तास असतो तो इकडचं गेट सोडल्यापासून तिकडच्या गेटला लागेपर्यंतचा. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात म्हणून एका वेळी एकच चालते, गर्दी असली की विमान वरच घिरट्या घालतं. घरापासून दवाखान्यापर्यंत मोजलं तर आमचे सहा तास कुठेच जात नाहीत. मडगावहून वंदे भारतला पावसाळा सोडून पावणेआठ तास लागतात, आणि संध्याकाळची कोकणकन्या पकडली तर झोपून सकाळी मुंबई, म्हाताऱ्या माणसाला हे कळायला नको का?

तर विनंती एवढीच, चौकोनात विमानतळाचं नाव छापा, त्याचा कोड छापा, आणि पणजी, मडगाव, काणकोणहून तिथे पोचायला किती वेळ लागतो तेही. मुंबईकडचंही तसंच, २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय, तिकडे उतरलेल्याला दादर-परळ गाठायचं असेल तर वेगळा हिशेब करावा लागतो. जागा कमी पडत असेल तर हॉटेलचा एक फोटो कमी करा.

आईला डॉक्टरने नवी तारीख दिलीय. ह्या वेळी कोकणकन्येचं तिकीट काढलंय, खालचा बर्थ मिळाला.

आपला नेहमीचा वाचक,
काणकोण