दापोलीत पगार पुरतो, पण कुणाला?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

‘पगार शहराचा, खर्च गावचा, प्राध्यापकांची मजा आहे!’ हे वाक्य दापोलीच्या बाजारात सर्रास ऐकू येतं. मी इथला घरमालक. माझ्या वरच्या मजल्यावर इथल्या कृषी विद्यापीठात वनशास्त्र शिकवणारे भाडेकरू राहिले आहेत, म्हणून हिशेब मांडतो.

सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. महागाई भत्ता अखिल भारतीय निर्देशांकावर ठरतो, त्यामुळे पुणे काय नि दापोली काय, तोही सारखाच. फरक पडतो घरभाडे भत्त्यात. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला की सरकारने ठरवलेल्या सूत्राने मूळ वेतनाच्या मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या, ‘एक्स’ गटातल्या शहरांना ३० टक्के, डेहराडूनसारख्या मधल्या, ‘वाय’ गटातल्या शहराला २० आणि आमच्यासारख्या लहान गावांच्या ‘झेड’ गटाला १० टक्के. म्हणजे पुण्यात १७,३१० रुपये, दापोलीत ५,७७०. एवढ्यात इथे दोन धड खोल्या मिळत नाहीत.

कारण गट ठरतो लोकसंख्येवर, आणि त्यात पर्यटक धरत नाहीत. मुरूड, कर्दे, हर्णै या जवळच्या किनाऱ्यांवर गर्दी वाढली तसे घरमालक खोल्या दिवसाच्या दराने देऊ लागले. चार शनिवार-रविवार चांगले गेले की महिन्याचं भाडं वसूल. मग मास्तर कशाला ठेवायचा? (मी ठेवतो, कारण पावसाळ्यात पर्यटक नसतो आणि रिकाम्या घराला बुरशी धरते.) हर्णैच्या लिलावातली चांगली सुरमई हॉटेलवाले उचलतात. भाजी घाटावरून येते, ती घाटाचं भाडं लावूनच.

स्वस्त काहीच नाही असं नाही. कामावर जायला पेट्रोल फारसं लागत नाही, मे महिन्यात शेजारीपाजारी आंबे-फणस आणून देतात. पण मूल बारावीला आलं की पुण्यात दुसरी चूल मांडावी लागते. मोठ्या आजाराला रत्नागिरी, नाहीतर थेट मुंबई. रेल्वे खेडला, तिथवर जाण्याचा खर्च वेगळा. पुण्यातल्या प्राध्यापकाला भाडं जास्त पडतं खरं, पण त्याचं घर एकच असतं.

निव्वळ शिरगणतीवर गट पाडण्याऐवजी तालुक्यातलं प्रत्यक्ष भाडं पाहून पर्यटनाच्या गावांचा भत्ता ठरवावा. ते जमत नसेल, तर सरकारी निवासस्थानं तरी वाढवावीत. त्याने माझ्यासारख्यांचे भाडेकरू कमी होतील, पण माझी हरकत नाही.

आपला,
एक वाचक, दापोली