कीबोर्ड परत सरकवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही ‘बरं, ठेवतो’ म्हणता. म्हणून इथे, सगळ्यांदेखत लिहितोय.

पिंपळगाव बसवंतच्या त्या कांद्याच्या खळ्यावर भुईकाट्याचा कॉम्प्युटर ऑफिसातल्या डेस्कटॉपला जोडायचं काम मी अंगावर घेतलं होतं. विंडोजवर, विनसॉक (विंडोजमधली नेटवर्कवरून माहिती धाडायची सोय) वापरून. काट्यावरून आधी भरलेल्या ट्रॉलीचं वजन जायचं, लगेच त्यामागे रिकाम्या ट्रॉलीचं. पंचवटीत घरी एकाच मशीनवर दोन्ही प्रोग्राम चालवले की सगळं गोड. खळ्यावर मात्र 4820 आणि 2160 किलोच्या जागी ऑफिसात उमटायचं 48202160. शेठ म्हणाले, “एका ट्रॉलीत अठ्ठेचाळीस हजार टन? सगळा जिल्हाच भरून आणला का रे?”

ज्या क्लासने सॉकेट (दोन प्रोग्राम नेटवर्कवरून जोडायची पद्धत) शिकवायचे पैसे मोजून घेतले, तिथले सर म्हणाले, फायरवॉल बंद कर. अहो, फायरवॉलने अडवलं असतं तर काहीच पोचलं नसतं! दुसऱ्या एका हुशाराने विंडोज नव्याने टाकायला लावली. तेवढ्यात एक दिवस गेला, आणि पावतीसाठी ताटकळलेल्या शेतकऱ्यांच्या शिव्या मी खाल्ल्या.

तुम्ही सातपूरहून ड्युटी संपवून आलात. सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “टाकीत दोन हंडे ओतले तर नळातून हंडे पडतात का? पाणी पडतं. माहिती पोचवणाऱ्या त्या टीसीपीला तुझी वजनं कळत नाहीत, त्याला नुसते बाइट कळतात. हंडा केवढा ते तूच आधी सांग.”

मी खुर्ची दिली, कीबोर्ड तुमच्यापुढे सरकवला. तुम्ही तो एका बोटाने परत माझ्याकडे ढकललात आणि हात मागे बांधून उभे राहिलात. काका, ते बोट मला अजून दिसतं. आजवर जो आला त्याने कीबोर्ड ओढून घेतला, खटाखट काहीतरी केलं आणि ‘झालं बघ’ म्हणून गेला. ज्याला येतं त्याला गप्प उभं राहणं किती जड जात असेल!

मी आधी चार बाइटमध्ये लांबी पाठवली, तेवढे बाइट हाती येईपर्यंत बाइट घेणारी ‘रिसीव्ह’ आज्ञा लूपमध्ये परत परत फिरवली. चालवलं, तर लांबी आली 67108864. असायला हवी होती 4, चार आकड्यांचे चार बाइट! पाठवताना नेटवर्कच्या रिवाजाप्रमाणे बाइटचा क्रम बदलला होता, घेताना परत फिरवायचा विसरलो होतो. तुम्हाला ते मी टाइप करतानाच दिसलं असणार. तरी बोलला नाहीत. चहावर साय धरली. शेवटी एवढंच, “चार उलटीकडून वाचला तर केवढा होतो रे?”

रात्री साडेदहाला 4820 वेगळे, 2160 वेगळे.

पैशाचं विचारलं तर पाच किलो कांदे मागितलेत. मी उत्साहात भुईकाट्याकडे निघालो, तर हसून म्हणालात, “साध्या काट्यावर घे. पाच किलो त्याला कळायचे पण नाहीत.”

तुमचा,
खळ्यावरचा पोरगा