शुगर कमी झाली तर काय करायचं तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मधुमेह दिनाला तुम्ही दोन पानं भरून माहिती दिलीत, ती मी घरात सगळ्यांना वाचून दाखवली. भात किती खायचा, आंबा चालतो का, रोज किती चालायचं, सगळं होतं. पण शुगर कमी झाली तर काय करायचं यावर एक ओळ पण नव्हती. आमच्या घरात गेली १४ वर्षं जी भीती आहे ती कमी झालेल्या साखरेचीच आहे, म्हणून लिहायला बसले.

आमच्या ह्यांना मधुमेह होऊन २६ वर्षं झाली. आधी गोळ्या होत्या, मग इन्सुलिन, सकाळ संध्याकाळ ३०/७० चं मिक्स, म्हणजे ३० टक्के लवकर काम करणारं आणि ७० टक्के हळू काम करणारं. सुरू झाल्यावर दोनेक महिन्यांनी एका रात्री अडीच वाजता मला ह्यांच्या बडबडीने जाग आली, बनियन, उशी, चादर सगळं घामाने चिंब, डोळे उघडे पण मला ओळखत नाहीत. मला वाटलं हार्ट अटॅकच आला. मशीन घरात होतं म्हणून बोट टोचून बघितलं तर साखर ३८. सासूबाई घाबरून वाटीने साखरेचं पाणी तोंडात ओतायला लागल्या आणि ह्यांना असा ठसका लागला की श्वासच अडकला. त्यांची काय चूक, आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं की माणूस नीट शुद्धीत नसेल, गिळता येत नसेल तर तोंडात काही ओतायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा नाहीतर १०८ ला फोन करायचा. दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज दिलं आणि थोड्या वेळात हे उठून विचारतात, मला इथे कशाला आणलं?

नंतर डॉक्टरांनी समजावलं की संध्याकाळच्या इंजेक्शनमधला हळू काम करणारा भाग मध्यरात्रीच्या सुमाराला जोरात असतो, आणि त्या दिवशी ह्यांनी दुपारभर गच्चीवरची टाकी घासून धुतली होती, अंगमेहनतीचा परिणाम पुढे कितीतरी तास राहतो. रात्री जेवण पण दोन घासच झालं होतं. तिन्ही गोष्टी एका रात्रीत जुळून आल्या.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते पुढचं. आपल्याकडे मशीनवर ६२ आलं की लोक म्हणतात वा, काय मस्त कंट्रोल आहे! आमचे पाहुणे म्हणायचे, शेजारी म्हणायचे, आणि खरं सांगते मी पण खूश व्हायचे. ७० च्या खाली म्हणजे कमी आणि ५४ च्या खाली म्हणजे धोका, हे आकडे मला तेव्हा माहीतच नव्हते. ह्यांचं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी, एकदा ६.२ आलं, सगळ्यांनी शाबासकी दिली, पण ती सरासरी असते हो, त्यात दुपारची २५० आणि पहाटेची ४५ दोन्ही लपतात. आमच्या डॉक्टरांनी एका मोठ्या अभ्यासाबद्दल सांगितलं, अमेरिका आणि कॅनडातला, हृदयविकाराचा धोका असलेल्या मधुमेहींवरचा. त्यात एका गटाची साखर फार ताणून खाली आणायचा प्रयत्न केला होता आणि त्या गटात मृत्यू जास्त झाले म्हणून २००८ मध्ये तो भाग मध्येच थांबवावा लागला. वय झालेल्या, बाकीचे आजार असलेल्या माणसाला एचबीएवनसी ८ च्या आत असलं तरी पुष्कळदा चालतं म्हणाले, तेव्हा मला किती हलकं वाटलं सांगू.

अजून एक. दीड वर्षापूर्वी ह्यांची साखर आपोआप छान यायला लागली, इन्सुलिन तेवढंच, खाणं तेवढंच. आम्ही समजलो चालण्याचा गुण आला. तपासणीत निघालं की किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलंय, किडनी मंदावली की इन्सुलिन शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, म्हणून तोच डोस जास्त लागू पडत होता. तेव्हा जुन्या पेशंटची साखर कारण नसताना खाली यायला लागली तर आनंद मानू नका, आधी किडनी तपासून घ्या.

आणि शरीराला याची सवय होते ते तर फारच वाईट. पहिल्या काही वर्षांत ६५ ला ह्यांचे हात थरथरायचे, धडधड व्हायची, भूक लागायची, स्वतःच साखर मागायचे. वारंवार लो होऊन होऊन ती सूचनाच बंद झाली, ४५ असली तरी शांत बसलेले, फक्त एकच वाक्य परत परत, मला काही झालं नाही. कधी चिडायचे, साखर दिली तर हात झटकायचे, आणि हा माणूस एरवी कधी आवाज चढवत नाही. डॉक्टरांनी मग काही आठवडे मुद्दाम साखर थोडी वर ठेवायला सांगितली, एकदाही लो होऊ द्यायची नाही असं ठरवून, आणि खरंच थरथर थोडीफार परत जाणवायला लागली. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी सुद्धा ही धडधड दबते, घाम मात्र येतोच, म्हणून मी घामाकडे लक्ष ठेवते.

सांगलीला एका लग्नात गेलो होतो, जेवण वेळेवर मिळेल या हिशोबाने ह्यांनी लॉजवरच इंजेक्शन घेतलं, आणि पंगत बसली दोन वाजता. हे मंडपात अडखळत चालतायत, शब्द जड झालेले, आणि मागून एक जण बोलला, सकाळी सकाळीच लावून आलेत. ह्यांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. ते वाक्य मला अजून टोचतं. तेव्हापासून ताट समोर आल्याशिवाय बाहेर इंजेक्शन घेत नाही, इंजेक्शननंतर अर्ध्या तासाने जेवायचा नियम घरी पाळतो. आणि खिशात एक कार्ड असतं, मला मधुमेह आहे, इन्सुलिन घेतो, मी गोंधळलेला दिसलो तर साखर कमी झाली असेल, ग्लुकोज द्या, खाली माझा नंबर. बस कंडक्टर, पोलीस, रिक्षावाले यांना एवढं माहीत असलं की दारू प्यायलेला आणि साखर उतरलेला माणूस सारखाच दिसतो, तर कितीतरी जण वाचतील.

ग्लुकोज पावडरचे डबे आमच्याकडे तीन ठिकाणी आहेत, पलंगाशी, स्कूटरच्या डिकीत आणि देवघराशेजारच्या फळीवर. शुद्धीत असताना तीन चमचे पाण्यात, १५ मिनिटं थांबायचं, परत टोचून बघायचं, ७० च्या वर आली नाही तर पुन्हा तेवढंच, आणि वर आली की अर्धी भाकरी किंवा बिस्किटं. ती १५ मिनिटं फार अवघड जातात, जीव घाबरतो आणि माणूस हाताला येईल ते खात सुटतो, मग तासाभराने ३५०. पेढा, चॉकलेट देऊ नका, त्यातल्या तुपा-दुधाने साखर रक्तात जायला उशीर होतो. आमच्या समोरच्या मावशी व्होग्लिबोजवाली गोळी घेतात, त्यांना तर घरातली साखर सुद्धा लवकर लागू पडत नाही कारण ती गोळी साखर पचायलाच उशीर लावते, त्यांना ग्लुकोजच लागतं. अशा कितीतरी घरांत ग्लुकोजचा पुडा नसतो. त्याच मावशी एकादशीला उपास करून मधुमेहाची ग्लिमेपिराइड नावाची गोळी मात्र नेमाने घ्यायच्या, आणि ती गोळी पोटात काही असो नसो इन्सुलिन सोडायला लावतेच. वयस्कर माणसाला त्या गोळीने लो झालं तर एकदा साखर देऊन भागत नाही, दिवसभरात परत खाली जाते, म्हणून दवाखान्यात ठेवतात.

सिरिंजचं पण लिहाच. लाल टोपणाची सिरिंज ४० च्या बाटलीची, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट इन्सुलिन असतं तिची, केशरी टोपणाची १०० ची. पेनमधलं इन्सुलिन सहसा १०० चं असतं. प्रवासात ह्यांचं पेन बिघडलं आणि लाल सिरिंजने त्या कार्ट्रिजमधलं २० च्या रेषेपर्यंत ओढलं, म्हणजे अंगात गेले ५० युनिट. टोपणाचा रंग माझ्या वेळेत लक्षात आला म्हणून निभावलं, ती रात्र स्टेशनजवळच्या दवाखान्यात दर अर्ध्या तासाला बोट टोचत काढली.

पुढच्या वर्षी पुरवणी काढाल तेव्हा अर्धं पान तरी याला द्या, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका हे ठळक अक्षरात चौकटीत छापा, म्हणजे लोक कापून फ्रिजवर लावतील. नाव छापू नका, ह्यांना आवडणार नाही, गाव टाकलंत तरी चालेल.

आपली,
एक वाचक, कराड