आमच्याकडे उजवे बूट शिल्लक आहेत

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

सणावाराच्या आधी तुमच्या पुरवणीत बूट-चपलांचं पान येतं, त्यात रंग, फॅशन, ऑफर सगळं असतं पण सोलबद्दल एक अक्षर नसतं, म्हणून हे पत्र. आमच्या तेरा वर्षांच्या चिरंजीवांना स्केटबोर्डचं, म्हणजे साधे बूट घालून चाकांच्या फळीवर उभं राहायचं, वेड लागलंय, आणि इंदुरात कुठल्याही दुकानात "स्केटिंगवाले जूते" मागा, दुकानदार चाकं लावलेले बूटच काढून पुढ्यात ठेवतो. राजवाड्याच्या आसपास तीन दुकानं झाली, तिन्हीकडे तेच. चौथा म्हणाला, "भिया, ये ले जाओ, इसमें सब चलता है," आणि साडेतीन हजारांचे रनिंग शूज गळ्यात मारले. तिसऱ्या आठवड्यात डाव्या बुटाची करंगळीकडची जाळी फाटली आणि मोजा बाहेर!

मी पोराला झापलं, पण नंतर नीट बघितलं तर चूक त्याची नव्हतीच. बोर्डाच्या वर जो ग्रिप टेप असतो तो म्हणजे सरळ सरळ पॉलिश पेपर, आणि ऑली मारताना, म्हणजे बोर्डासकट उडी मारताना, मागच्या पायाने बोर्डाचं शेपूट, म्हणजे मागचं टोक, आपटायचं आणि पुढच्या पायाची बाहेरची कड त्या पॉलिश पेपरवरून घासत वर न्यायची, असं दिवसातून पन्नास वेळा, मग जाळीचं काय होणार? शिवाय रनिंग शूजचा सोल जाड, मऊ आणि टाचेकडे उंच, पायाखाली बोर्ड कळतच नाही, पोरगं जणू गादीवर उभं.

म्हणून आता माझं ऐका. वरचा भाग स्वेडचा, म्हणजे मखमलीसारख्या चामड्याचा पाहिजे, पुढे शक्यतो एकच सलग तुकडा, कारण शिवण जितकी जास्त तितकी ती लवकर उसवते. सोल सपाट आणि रबराचा. त्यात दोन जाती आहेत, व्हल्कनाइज्ड म्हणजे पातळ, लवकर वाकणारा, बोर्ड चांगला कळतो. आणि कपसोल म्हणजे वाटीसारखा, शिवलेला, थोडा कडक पण उंचावरून उतरल्यावर टाचा वाचवतो. नुकत्याच शिकणाऱ्याला काय द्यावं यावर मुलं तासन् तास भांडतात, मी पातळवाल्यांच्या बाजूचा. आणि बजेट नसेल तर शाळेचे पांढरे कॅनव्हासचे पीटी शूज घ्या, खरंच सांगतो, फाटतील लवकर पण महागड्या रनिंग शूजपेक्षा शिकायला बरे. एक मात्र, "वाढत्या पायाचे" म्हणून एक नंबर मोठे घेऊ नका, आमच्या आईने तेच सुचवलं होतं, पण बुटात पाय सरकला की पोरगं पडलंच.

गंमत म्हणजे बुटांची व्हॅन्स कंपनी 1966 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली ती काही स्केटबोर्डवाल्यांसाठी नव्हे, तिचा सोल बोर्डाला चिकटून राहतो हे पोरांनीच शोधलं, मग 1976 मध्ये टोनी अल्वा आणि स्टेसी पेराल्टा या स्केटरांना विचारून घोट्याशी गादी असलेला बूट काढला. आणि ते लोक त्या पोरांना एकच बूटसुद्धा विकायचे! मी इथे विचारून बघितलं, दुकानदार माझ्याकडे असा बघायला लागला की मीच बाहेर आलो.

आमच्या कोपऱ्यावरच्या मोच्याला मात्र एका झटक्यात समजलं. त्याने स्वेडच्या नव्या बुटावर घासणाऱ्या जागी आधीच चामड्याचं ठिगळ लावलं, शिवणीवर सोल्यूशन फिरवलं, तो जोड अजून चालतोय.

तेव्हा दिवाळीच्या पुरवणीत रंगांचा एक फोटो कमी करा आणि सोलवर चार ओळी छापा. टोकियो ऑलिंपिकपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे, आपल्याच मध्य प्रदेशात पन्नाजवळच्या जनवार गावात पोरांसाठी स्केटपार्क आहे, आणि इंदूरच्या दुकानात अजून चाकंच दाखवतात.

आपला,
एक बाप, रामबाग, इंदूर

ता. क. आमचा मुलगा डावा पाय पुढे ठेवतो, त्यामुळे सहा नंबरचे उजवे बूट चांगले शिल्लक आहेत. कुणाचा मुलगा उजवा पाय पुढे ठेवणारा, म्हणजे गूफी असेल तर त्याच्याकडे डावे असतील. अदलाबदल करू.